वेळेवरची कोरड

जानेवारीतली रात्र होती. टिनावर पहिले थेंब वाजले तसा दादा उठून अंगणात गेला. मी माजघरात जागीच होते. "आता कायले आला बाप्पा तू?" तो वर तोंड करून म्हणाला, आणि त्यापुढे जे म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही. वहिनी दारातून म्हणाली, "अंदर या, भिजून जासान." तो आला नाही. पाऊस काही फार नव्हता, अर्धा-पाऊण तास पडला असेल. पण गोठ्याबाहेर बांधलेल्या गाईच्या पाठीवरून ओघळ उतरण्याइतका होता, आणि मातीचा वास असा सुटला की मृगाचाच म्हणावा. त्या वासाने मला छातीभर बरं वाटत होतं, आणि समोर दादा डोक्याला हात लावून उभा होता. दोन्ही एकाच अंगणात.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं. इथे दोन माणसं भेटली की लेकराबाळांच्या आधी एकमेकांच्या बोअरची खोली विचारतात. अशा गावात पावसाला शिवी बसते ही गोष्ट पुढे कितीतरी दिवस डोक्यातून जाईना. कारण ठाऊक होतं. संत्र्याच्या घरात जन्म गेल्यावर, ताणावर सोडलेल्या, म्हणजे फुलासाठी मुद्दाम पाणी तोडलेल्या बागेत अवकाळी पाणी पडलं की काय होतं ते कुणी वेगळं सांगावं लागत नाही. तरी ते कारण गळ्याखाली उतरत नव्हतं. विदर्भातल्या झाडांबद्दल आपण जे काही बोलतो, लिहितो, त्यात एकच रडगाणं असतं: पाणी नाही. आणि इथे एक माणूस मध्यरात्री म्हणत होता, पाणी काऊन आलं?

सकाळी त्याच्या मागोमाग बागेत गेले. आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरायचा म्हणून डिसेंबर लागला तसं झाडांचं पाणी तोडलेलं होतं. मुरमाड वावरात महिनाभरात ताण बसतो. आमची जमीन भारी, ती ओल सोडता सोडत नाही, तिथे दीड-दोन महिनेही लागतात. ताण बसला की नाही हे बाबा पानावरून सांगत. वरच्या अंगाचं एक पान धरून मधल्या शिरेवर दुमडायचे, सोडून द्यायचे, मग अंगठ्याने चोळून पाहायचे. पाणी प्यालेलं पान हट्टी असतं, सोडलं की पुन्हा सरळ होतं. ताणातलं पान दुमडलं तसंच राहतं. कडा आत वळलेल्या, हिरव्यावर राखेची छटा, आणि दुपारी हात लावला तर चक्क गरम लागतं. ते गरम लागणं मला लहानपणी कोड्यात टाकायचं. पानाच्या अंगावरची बारीक छिद्रं झाडाने पाणी वाचवायला मिटून घेतलेली असतात. वाफ बाहेर जात नाही, म्हणून पानाला थंड होता येत नाही. हवा आत येत नाही, म्हणून अन्नही बेतानेच तयार होतं. तहान आणि भूक यांत झाड आधी तहानेची सोय बघतं.

खालची जुनी पानं पिवळी पडून गळू लागतात. पाव हिश्शाच्या आसपास गळली की जाणता माणूस म्हणतो, झालं. मग मशागत, शेणखत, आंबवणीचं हलकं पाणी, आणि काही दिवसांनी भरपूर पाणी. त्यानंतरच्या पंधरवड्यात वरूड-मोर्शीच्या रस्त्याने रात्री मोटरसायकलवरून जावं. वास अंगावर येतो. काही ठिकाणी तर इतका की डोकं धरतं.

त्या सकाळी दादाच्या बागेतली पानं ताठ उभी होती. धुतलेली, चकाकणारी, कडा सरळ. अनोळखी माणूस म्हणाला असता, काय तजेलदार बाग आहे! दादाने एक पान दुमडून सोडलं. ते सरळ झालं. "पाह्य," तो म्हणाला, "पोट भरलं यायचं."

ताणात झाड स्वस्थ बसलेलं नसतं. त्याची वाढ थांबलेली असते. नवी फांदी नाही, नवं पान नाही. म्हणजे जी काही साखर तयार होते ती खर्च करायला जागा नाही, ती फांद्यांत आणि मुळांत साठत जाते. पानांच्या बेचक्यातले डोळे तेवढ्या काळात फुलाकडे वळतात. सगळे एकाच दिवशी वळत नाहीत, त्यांना सलग कोरडे दिवस लागतात. मधेच पाणी मिळालं तर जे वळले नसतील ते फांदी होऊन बाहेर येतात. तिला नवती म्हणतात. नवती दिसायला फार सुंदर असते, पोपटी, मऊ. आणि त्या मोसमात ती पाहून बागायतदाराच्या पोटात खड्डा पडतो. अलीकडे डिसेंबर-जानेवारीतला असा पाऊस नेमाचा होऊन बसल्यासारखा झाला आहे. त्यामुळे बरेच जण झाडाच्या बुंध्याशी वाढ रोखणारं औषध ओततात. दादाला ते आवडत नाही. झाडाला फसवणं वाटतं त्याला. पाणी तोडणं म्हणजे तरी काय वेगळं, असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर तो बराच वेळ बोललाच नाही, आणि मग म्हणाला की उपाशी ठेवणं वेगळं आणि भूक मारायची गोळी देणं वेगळं.

आता संत्रं हे झाड मुळात इथलं नाहीच. लिंबाच्या या सगळ्या गोतावळ्याचं मूळ घर हिमालयाच्या पूर्व पायथ्याकडचं, आसामच्या वरचं, म्यानमार-चीनच्या सीमेकडचं. ओलसर, दाट, बारमाही हिरवा मुलूख. नागपूरकर भोसल्यांनी हे झाड इकडे आणलं असं सांगतात. म्हणजे पान न गाळणारं झाड आणून आपण अशा प्रांतात लावलं, जिथे उन्हाळा आला की रानातली अर्धीअधिक झाडं कपडे उतरवून उभी राहतात. आणि मग त्याच्याकडून फूल हवं म्हणून त्याला इथल्या रानाची रीत शिकवली: आधी कोरडा हो, थोडी पानं टाक, मग फूल. ही रीत बाबांच्या आजोबांनी शोधली नसणार. ती सातपुड्याच्या उतारावर आधीपासूनच चालू होती.

महाशिवरात्रीला आम्ही सालबर्डीला जायचो. यात्रेची गर्दी, धूळ, पायाखाली सागाची मोठाली पानं, आणि त्यांचा असा आवाज की पुढचा माणूस बोललेला ऐकू येऊ नये. तेव्हा फक्त पळस दिसायचा. पळस कुणाला दिसत नाही! उघड्या काळ्या फांद्यांवर केशरी जाळ, एक पान नाही. पण पळसाच्या आजूबाजूला जे चाललेलं असतं ते मला कितीतरी उशिरा दिसायला लागलं. सालई नागडी उभी, सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटलेले, आणि पापुद्रा काढला की खाली हिरवट अंग. पान नसताना ती सालच थोडंफार उन्हाचं काम करते. कुलूचं झाड तर पांढरंफटक, संध्याकाळी एकट्या माणसाने पाहू नये असं. मोवईच्या निष्पर्ण शेंड्यांवर फुलांचे तुरे. यांची लाकडं मऊ असतात, पाणी धरून ठेवतात. पानं गळाली की खर्च थांबतो, खोड पुन्हा पाण्याने भरतं, आणि त्या साठ्यावर फूल उमलतं. बाहेर वैशाखाची तयारी, जमिनीत ओल नाही, आभाळात ढग नाही, आणि झाडाच्या आत मात्र पाणी वर चढत असतं. पानझड ही झाडाची शरणागती असल्यासारखं आपण बोलतो. मला तर तो घरखर्चाचा हिशेब वाटतो.

सागाची गोष्ट याहून चिवट. बियातून आलेलं सागाचं पोर पहिल्या उन्हाळ्यात वरून मरतं. दुसऱ्या पावसाळ्यात फुटतं, पुन्हा उन्हाळ्यात मरतं. जमिनीवर बघणाऱ्याला वाटतं, या रोपट्यात काही दम नाही. खाली मूळ मात्र दरवर्षी जाड होत असतं, आणि पुरेसं जाड झालं की एका पावसाळ्यात जो कोंब निघतो तो मग मागे वळून पाहत नाही. रोपवाटिकेतून सागाच्या जड्या मिळतात त्या याच गुणावर. वरचा भाग बोटभर ठेवून छाटलेलं, मूळही छाटलेलं, बाजारातल्या वाळक्या मुळ्यासारखं दिसणारं काहीतरी. गठ्ठा बांधून नेतात, पहिल्या पावसात सब्बलीने भोक पाडून खोचतात, आणि ते जगतं. तेंदूही तसाच. वरून तोडा, जाळा, तो मुळावरून पुन्हा फुटतो. म्हणून विडीच्या पत्त्याच्या हंगामाआधी त्याची झुडपं मुद्दाम छाटतात. या रानाची खरी मालमत्ता जमिनीखाली आहे, आणि आपण उपग्रहातून हिरवा रंग मोजतो.

लग्नानंतर काही वर्षं मी कुरखेड्याकडे शाळेत होते. आमच्या मोर्शीपेक्षा तिथे पाऊस कितीतरी जास्त, गडचिरोली जिल्हाच तसा. मार्चअखेरीस वर्गात निम्मी मुलं नसायची. पहाटे अंधारात मोहाखाली गेलेली असत. मोहाचं फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं. जाडसर, पिवळट, हातात घेतलं की चिकट, आणि गोड इतकं की अस्वलालाही माहीत. मी एक-दोनदा गेले होते मुलांबरोबर. अंधारात टप, टप. थांबून पुन्हा टप. पण त्यातल्या एका वर्षी मार्चमध्ये आठवडाभर ढग राहिले, मधेच सरी आल्या, आणि मोहाने आखडता हात घेतला. जे पडलं ते ओलं होऊन काळं पडलं, वाळवायला ऊन नाही. शाळेत खिचडी शिजवायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ऊनच बसलं नाई बाई यंदा, मोह कसा पडंल?" तेव्हा ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. अंगणातल्या रात्रीनंतर ते परत आलं. ऊन बसलं नाही. ताण बसला नाही. दोन टोकांच्या दोन जिल्ह्यांत, दोन वेगळ्या झाडांबद्दल, दोन माणसं एकच तक्रार करत होती.

झाडाला कोरडही वेळेवर लागते.

म्हणून कुणी उद्या दुष्काळाचं गुणगान करू नये. 2018 साली पावसाने लवकर पाठ फिरवली, ऑक्टोबरअखेर राज्यात 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि 2019 च्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या बागा उभ्या वाळल्या. ते मी पाहिलं आहे. संत्र्याचं झाड पाण्यावाचून मरतं तेव्हा काय होतं ते क्रमाने दिसतं, आणि सगळ्यात वाईट तेच. आधी दुपारची फळं मऊ पडतात. पानं ओढ लागली की फळातलं पाणी खेचून घेतात. रात्री झाड सावरलं तर पहाटे फळ पुन्हा घट्ट. दादा रोज पहाटे उठून फळं दाबून पाहायचा, आजाऱ्याची नाडी पाहावी तसा. मग एका पहाटे ती घट्ट झालीच नाहीत. शेंड्यांकडून सल पडत आली, बारीक काड्या वाळल्या, मग बोटाएवढ्या, मग मनगटाएवढ्या. सर्वांत शेवटी जे झालं त्याने मी चक्रावले: पानं गळायचीच थांबली. तपकिरी होऊन फांदीला तशीच लटकून राहिली, वाऱ्यावर खुळखुळत. पुढे कळलं की पान गाळणं हे जिवंत झाडाचं काम आहे. देठाशी पेशींचा एक थर तयार व्हावा लागतो, तो सुटावा लागतो, तेव्हा पान पडतं. पान टाकायलाही जीव लागतो. तेव्हापासून मला उन्हाळ्यात बोडखं झाड दिसलं की धास्ती वाटत नाही. वाळलेली पानं धरून बसलेलं झाड दिसलं की वाटते.

टँकर आले. आठशे-हजार फुटांच्या बोअरमधून धूर निघावा तशी हवा निघाली. वरूड-मोर्शीचं भूजल कधीचंच उपशाखाली गेलेलं. जे पाणी आम्ही बागेला देत होतो ते गेल्या पावसाचं नव्हतंच, ते जुनं होतं, केव्हाचं तरी. संत्र्याची अन्न घेणारी मुळं वरच्या दीड-दोन फुटांत पसरतात. ठिबकवर वाढलेल्या झाडाची तर नळीच्या थेंबाभोवती गोळा झालेली. ठिबकने पाणी वाचतं हे खरंच, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण त्या झाडाला खाली जाण्याचं कारणच कधी पडलं नाही. आमच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. त्या भेगांत बारीक मुळं तटातट तुटलेली मी पाहिली आहेत, दोऱ्याची टोकं लोंबावीत तशी.

आणि त्याच शिवारात, त्याच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बोर, बाभूळ, हिवर, पळस, कडुनिंब उभे. नुसते उभे नाहीत. कडुनिंबाला ऐन चैत्रात नवी पालवी, सावली अशी गार की ढोरं तिथून हलेनात. मला वाटलं होतं, नाल्याकाठची झाडं तगतील. तिथे अर्जुन होता, जांभळी होत्या, उंबर होता, सगळी बाबांच्या जन्माआधीची. जांभळीचे शेंडे वाळले. एक अर्जुन पूर्ण गेला. ज्यांच्या पायाशी पिढ्यान्‌पिढ्या पाणी होतं ती आधी ढासळली. पाणी दर आठवड्याला खाली सरकत होतं आणि मुळांना तेवढ्या वेगाने उतरता येत नव्हतं. बरडावरचा पळस मात्र जन्मापासून तंगीतच जगलेला. त्याच्यासाठी ते साल वाईट होतं, पण अनोळखी नव्हतं.

झाडात पाणी चढतं ते वरून ओढलं जातं म्हणून. मुळापासून पानापर्यंत पाण्याचा सलग धागा असतो, आणि पानातून उडणारी वाफ तो धागा ओढत असते. माती कोरडी आणि हवाही कोरडी झाली की ओढ इतकी वाढते की धागा तुटतो आणि नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. ती नळी गेली. अशा खूप नळ्या गेल्या की फांदी गेली. हे तुटणं आपल्या कानांच्या पल्याडच्या आवाजात होतं. यंत्र लावलं तर टिकटिक ऐकू येते म्हणतात. नवतपाच्या दुपारी, जेव्हा गावात कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं आणि आपण म्हणतो की काय शांत आहे, तेव्हा धुऱ्याधुऱ्यावर हे चाललेलं असणार.

त्यात उष्मा. चंद्रपूर-नागपूरकडे पारा 46-47 ला जाणं ही आता बातमी राहिलेली नाही, नेहमीच्या टोमण्यांचा विषय झाली आहे. 2023 साली 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला होता. उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या पानाचं तापमान सरासरी 46.7 अंशांच्या पलीकडे गेलं की त्यातली अन्न तयार करणारी यंत्रणा मोडायला लागते, असं त्यात होतं. हा आकडा हवेचा नाही, पानाचा. आणि उन्हातलं, छिद्रं मिटलेलं पान हवेपेक्षा तापलेलं असतं हे बाबांच्या अंगठ्याला माहीत होतं. ज्यांनी पानं टाकली त्यांचं जळायला काही उरत नाही. पण सगळे टाकत नाहीत, किंवा टाकून लगेच नवी काढतात. कुसुंब मार्चमध्ये लालभडक पालवीने पेटतो, करंज, पिंपळ, मोह, सगळे पाऊस दोन-अडीच महिने लांब असताना नवं पान काढतात. आहे ते सगळं खोलातल्या ओलीवर आणि लांबत चाललेल्या दिवसावर विसंबून. मृगात पाणी येईल हा त्यांचा हजारो वर्षांचा अंदाज. तो चुकला तर कोवळं पान उघडं पडतं. आणि माझ्या समजुतीप्रमाणे विदर्भातल्या झाडांची खरी गोची इथे आहे. कमी पाण्यात जगायची विद्या त्यांच्याकडे भरपूर आहे. तारखा बदलल्या की काय करायचं, ती विद्या त्यांच्या गाठीशी नाही. पाणी कमी पडतं तेव्हा पान टाकता येतं. पण अवेळी येतं तेव्हा काय टाकायचं?

रान एका उन्हाळ्यात उजाड होत नाही, त्यामुळे आपल्याला ते आहे तसंच वाटतं. बदल खालच्या थरात होतो. कुरखेड्याच्या मोहांखाली मी मोहाची पोरं शोधून पाहिली होती. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला दरवर्षी जाळतात, उरलेलं ढोरं चरतात, वर कोरडा पावसाळा. म्हातारी झाडं ऐटीत, आणि खाली काही नाही. चारोळीचंही तेच. मुळावरून फुटणारे, तेंदू-पळसासारखे, पुढे सरकतात. बियावर भिस्त ठेवणारे मागे पडतात. जिथे छत्र विरळ होतं तिथे रायमुनिया, म्हणजे घाणेरी, घुसते, आणि एकदा घुसली की खाली दुसऱ्याच्या रोपाला ऊन मिळू देत नाही. पडीक वावरात तरोटा आणि गाजरगवत. त्यातल्या त्यात कुसळी गवताचं मला कौतुक आहे. त्याच्या बियाची शेपटी दमट हवेत उलगडते, कोरड्या हवेत पिळते, आणि असं पिळत-उलगडत बी स्वतःला जमिनीत खुपसतं. पावसाची वाट पाहत बसत नाही, त्याआधीच जागा धरून ठेवतं. साडीच्या काठाला लागलेली कुसळं काढताना शिव्या देतो आपण, ती गोष्ट वेगळी.

2019 च्याच पावसाळ्यात राज्यात 33 कोटी झाडं लावायचा संकल्प होता. आमच्या गावातही खड्डे झाले, फोटो झाले. मी त्याची टिंगल करणार नाही, काही झाडं जगलीही. पण त्याच दिवसांत गावाच्या दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टरने वाळलेली संत्र्याची झाडं उपटून बांधावर रचली जात होती. आणि जोडीला धुऱ्यावरचे पळस-बाभळीही साफ होत होते, ट्रॅक्टर नीट वळावा म्हणून. जी झाडं न लावता, न शिंपता त्या उन्हाळ्यातून पार झाली होती, ती गेली. कुठल्या खात्यात मांडायची ती?

दादाच्या बागेचं या वर्षी व्हायचं तेच झालं. अवकाळीनंतर पंधरा दिवसांनी नवती आली, भरघोस. फूल फुटलं ते एका बाजूला, दक्षिणेकडच्या उतारावर, जिथे पाणी लवकर निचरलं होतं. मग फेब्रुवारी सरता सरता आणखी थोडं फूल, इकडे-तिकडे. आता एकाच फांदीवर लिंबाएवढं फळ आणि शेजारी वाटाण्याएवढं. व्यापारी येऊन गेला, बागेत शिरलाही नाही, बांधावरूनच म्हणाला, "हे दोनदा तोडा लागन." म्हणजे भावात काय होणार ते दादाला कळलं. आता तो मृग बहाराचं बोलतोय. त्यासाठी ताण एप्रिल-मेमध्ये द्यायचा आणि पाणी जूनमध्ये यायला हवं. ऐन उन्हाळ्यात मुद्दाम कोरडं ठेवलेलं झाड आणि मृगाचा भरवसा! मी काही बोलले नाही. त्याच्या डोळ्यांपुढे 2019 असणारच.

वहिनीचं म्हणणं वेगळं आहे. गेल्या झाडांच्या जागा रिकाम्या आहेत तिथे सीताफळ लावा. ते आपलं आपण पानं टाकतं, आपलं आपण फुटतं, त्याला ताण द्या नको अन् तोडा नको. दादा म्हणतो, सीताफळ तोडल्यावर दोन दिवसांत नरम पडतं, मोर्शीहून कुठल्या बाजारात न्यायचं? त्याचंही खोटं नाही. संत्र्याला निदान व्यापारी दारात येतो, मग तो बांधावरूनच का बोलेना. माझ्यासमोर या विषयावर दोनदा जेवणं थंड झाली.

परवा वहिनीचा फोन होता. शेंदूरजना घाटला जाऊन आले म्हणाली, कलमांचा इसार दिला. संत्र्याच्याच, जंबेरी लिंबाच्या खुंटावरच्या, दादाने सांगितल्या तितक्या. मग आवाज बारीक करून म्हणाली, "सीताफळाचीबी घेतली वं थोडी. धुऱ्यावर लावतो. तिथं ठिबक जात नाई, अन् तुहे भाऊबी जात नाई."